ईस्टरनंतर जाऊ

भिंगारच्या सॅम्युएल पाटोळेला भित्रा म्हणायची कुणाची छाती नव्हती. कॅन्टोन्मेंटच्या पाण्याच्या पंपावर त्याने एकतीस वर्षं काढली होती. विहिरीत मोटार अडकली की कमरेला दोर बांधून तो खाली उतरायचा, आणि वर येताना कधी साप तर कधी घुबडाचं पिल्लू हातात घेऊन यायचा. काठावर उभ्या साहेबलोकांना घाम फुटायचा, याला नाही. पण रविवारी उपासना सुटली आणि चर्चच्या फाटकाशी चार माणसं घोळका करून उभी दिसली, की याच सॅम्युएलच्या पोटात गोळा यायचा. आपल्या पँटची इस्त्री नीट आहे का, गीत म्हणताना आपण भलताच सूर तर लावला नाही ना, पाळकसाहेबांना सलाम करायचा राहिला का, असल्या शंकांनी घरी पोचेपर्यंत तो अर्धा व्हायचा. लोक काय म्हणतील, हे एक वाक्य या माणसाच्या आयुष्यातून काढून टाकलं असतं तर तो कुठल्या कुठे गेला असता. निदान नाशिकपर्यंत तरी वेळेवर गेला असता.

त्याची बायको दया. बुटकी, सावळी, बोलायला कमी आणि हसायला पुढे. तिच्याकडे चर्चच्या मंडळीचं एक काम होतं, ते सासूच्या हातून तिच्या हातात आलेलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. जुन्या मिशनच्या दिवसांपासून त्यांच्या मंडळीला दारूचा वास सोसत नाही, त्यामुळे छोट्या प्याल्यांतून जो रस देतात तो वाईन नसतो. तो असतो काळ्या मनुकांचा. शुक्रवारी संध्याकाळी मनुकांची देठं काढायची, त्या धुऊन भिजत घालायच्या. शनिवारी सकाळी त्या उकळायच्या, घोटायच्या आणि मलमलीच्या पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. मग बाटली दाराच्या उजेडात धरून रंग बघायचा. रंग मनासारखा आला की दया म्हणायची, "झालं बाई," आणि तेवढंच म्हणायची.

या सगळ्या खटाटोपात सॅम्युएलचं काम एकच. पातेल्याच्या तोंडावर फडकं ताणून बांधायचं. ते तो पंपावरच्या गाठीने बांधायचा. मोटार विहिरीत सोडताना दोराला जी दुहेरी फासाची गाठ मारतात, तीच तो घरात सगळीकडे मारायचा. पडद्याला, पिशवीला, गहू भरलेल्या पोत्याला. ती गाठ दयाला काही केल्या सुटायची नाही. ती उलथन्याचं टोक घालून झटापट करायची, आणि सॅम्युएल बाजूला उभा राहून मिशीत हसायचा. चौतीस वर्षं, दर महिन्याला, न चुकता हा सोहळा चालला होता.

दयाचं माहेर पाथर्डीकडचं. तिकडे वेलीला लागणार म्हणजे दोडका, फार तर कारलं. पाळकसाहेब द्राक्षवेलीवर उपदेश करायला लागले की ती सॅम्युएलला कोपर मारायची. "चौतीस वर्षं मनुका शिजवतीय मी," ती म्हणायची, "पर वेलीवरचं द्राक्ष कसं दिसतं ते काय मला म्हाईत न्हाई." पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीने, आराधनाने, एकदा मोबाईलवर फोटो दाखवले होते. दयाने ते पाहिले आणि मोबाईल परत दिला. "फोटूत समदंच ग्वाड दिसतं," ती म्हणाली.

तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा शुगरने दोन वर्षांपूर्वीच खाल्ला होता. यंदा जानेवारीत डावाही धूसर व्हायला लागला. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, इंजेक्शनचं सांगितलं, आणि मग पेन खाली ठेवून सरळच बोलले. हा डोळा फार दिवस साथ देईल असं मला वाटत नाही, बाई. जे डोळे भरून बघायचंय ते आताच बघून घ्या.

परतताना दोघं रिक्षात बसली. भिंगारनाल्यापाशी सॅम्युएलने घसा साफ केला. "तुला काय बघायचं हाय?" त्याने विचारलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, पण हा प्रश्न त्याने तिला पहिल्यांदाच विचारला होता. लेकीचं लग्न, नाही तर भावाचं नवं घर, असं काही तरी ती सांगेल असं त्याला वाटलं.

"द्राक्षाचा मळा," दया म्हणाली. "घड लागल्याला."

आराधनाला कळवल्यावर ती फोनवरच रडली आणि रडता रडता कामाला लागली. दोन दिवसांत तिने दिंडोरीच्या बाजूला एक मळा शोधून काढला. तिथे वाईन करतात, मळ्यातच राहायला खोल्या आहेत, खिडकी उघडली की वेली. "पप्पा, फेब्रुवारीतच जाऊन या," ती म्हणाली. "मी बुक करते."

सॅम्युएलला आनंद झाला, आणि आनंदापाठोपाठ नेहमीचा हिशेब डोक्यात सुरू झाला. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी रस करायचा, म्हणजे तो आठवडा गेला. दुसऱ्या आठवड्यात मंडळीची वार्षिक सभा, तिथे आपण दिसलो नाही तर विचारपूस होणार. तिसऱ्या आठवड्यात राखेचा बुधवार, आणि तिथून पुढे ईस्टरपर्यंत उपवासकाळाचे चाळीस दिवस. त्या चाळीस दिवसांत कुणी चहा सोडतं, कुणी मटण सोडतं. स्वतः सॅम्युएल तंबाखू सोडायचा. आणि अशा दिवसांत प्रभुभोजनाचा रस करणारी बाई नवऱ्याबरोबर वाईनच्या मळ्यात मौज करायला गेली, हे बन्सी ओहोळांच्या कानावर गेलं म्हणजे? बन्सी ओहोळ मंडळीचे पंच, निवृत्त हेडमास्तर, आणि फाटकाशी उभ्या राहणाऱ्या त्या चौघांचे म्होरके. त्यांची एक भुवई वर चढली की सॅम्युएलला आठवडाभर जेवण गोड लागायचं नाही.

"ईस्टरनंतर जाऊ," सॅम्युएलने जाहीर केलं.

दया गवारीच्या शेंगा मोडत होती. "तवर द्राक्षं ऱ्हातील का?" तिने विचारलं.

"वेल काय पळून जाती व्हय?"

ती शेंगा मोडत राहिली. आराधना मात्र बोलली. "पप्पा, निदान सीझन तरी विचारा कुणाला." त्यावर सॅम्युएल उखडला. मंडळीत कसं वागायचं ते मला शिकवू नको, म्हणाला. तिनेही रागाने फोन ठेवला आणि रागातच ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली खोली ठरवून टाकली. खोली लगेच मिळाली. इतक्या सहज कशी मिळाली, हे दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

एकदा तारीख ठरल्यावर सॅम्युएलने त्या सहलीची जी आखणी केली, तिला तोड नव्हती. आयुष्यात तो सुट्टी म्हणून कुठे गेलेला नव्हता. गेला होता तो लग्नांना आणि मातीला. आता तो रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचा आणि थेट तारकपूरच्या एसटी स्टँडवर जाऊन उभा राहायचा. कुठली गाडी सरळ नाशिकला जाते, कुठली बाजूच्या गावांत शिरते, कुठे दहा मिनिटं थांबते आणि तिथला बाईमाणसांचा संडास बरा आहे का, हे सगळं त्याने ड्रायव्हर-कंडक्टरांना विचारून कागदावर टिपून घेतलं. दयाचा डावा डोळा तेवढा चालू, म्हणून डाव्या खिडकीची जागा. त्या बाजूला संगमनेरला प्रवरा कशी दिसेल, ऊस कुठे लागेल, डोंगर कुठे. तिच्यासाठी उन्हाचा चष्मा आणला. मळ्यात चालायला रबरी तळाची चप्पल आणली. खोलीत जिना आहे का, आंघोळीला गरम पाणी आहे का, तिच्या इन्सुलिनसाठी फ्रिज आहे का, असे सहा फोन त्याने त्या मळ्याच्या माणसांना केले. प्रत्येक वेळी आधी "जय ख्रिस्त" म्हणायचा आणि मग जीभ चावून "नमस्कार" म्हणायचा. सगळं विचारलं. एक सोडून.

फेब्रुवारीत एकदा दया बाजारातून मनुका घेऊन आली, पण साखर विसरून आली. डोळे लाल झालेले. सॅम्युएलने विचारलं तर म्हणाली, धुळीनं चुरचुरतायत. त्याने तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि साखर तो स्वतः घेऊन आला.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी ती देठं काढायला बसली तेव्हा ताट मांडीवर न घेता तोंडाशी धरून बसली. शनिवारी गाळताना सॅम्युएलला फडक्यात पाच-सहा देठं दिसली. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याने ती गुपचूप उचलून खिशात टाकली. तेव्हा त्याला वाटलं, आताच उचलावी पिशवी आणि निघावं, जाऊ दे तो उपवासकाळ. पण समोर भिंतीवर मंडळीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर त्यानेच ईस्टरच्या पुढच्या आठवड्यांत निळी खूण केलेली होती. राहिलेत किती, महिनाभर तर, असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याच्यासारखा गोड बोलणारा दुसरा कुणी नसतो.

यंदा ईस्टर एप्रिलच्या पहिल्याच रविवारी आला. आदल्या शुक्रवारी, उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना आटोपून आल्यावर, दया देठं काढायला बसली ती डोळे मिटूनच. प्रत्येक मनुका बोटांत फिरवायची, देठ लागलं की खुडायची. मग सॅम्युएल शेजारी बसला आणि निम्म्या मनुका त्याने केल्या. "उजेड कमी हाय आज," ती म्हणाली. बाहेर संध्याकाळचं लख्ख ऊन पडलं होतं.

ठरल्या दिवशी ठरल्या गाडीत ठरल्या डाव्या खिडकीशी त्याने तिला बसवलं. उन्हाचा चष्मा लावून ती ऐटीत बसली होती. नवीन लुगडं, केसांना तेल. राहुरी गेली, कोल्हार गेलं. ऊस आला की तो सांगायचा, ती मान हलवायची. संगमनेरला गाडी पुलावरून निघाली तेव्हा त्याला वाटलं आता ती काही बोलेल. पूल संपला, गाव मागे पडलं, आणि मग तिने विचारलं, "नदी यायची हाय ना अजून?"

"यायची हाय," सॅम्युएल म्हणाला. त्यानंतर सिन्नर येईपर्यंत तो तिच्याकडे बघू शकला नाही.

दुपारी ते मळ्यावर पोचले. खोली छान होती, गार, पांढऱ्या चादरींची. टेबलावर पाहुण्यांसाठी वाईनची एक बाटली ठेवलेली होती. सॅम्युएलने ती आधी कपाटात ठेवली, मग तिच्यावर टॉवेल टाकला, मग कपाटाचं दारही लावून घेतलं; जशी काही बन्सी ओहोळांनीच ती तिथे पहाऱ्याला बसवली होती. दया हसली. प्रवासाने ती दमली होती, म्हणून जरा आडवी झाली. "तुमी बघून या," ती म्हणाली. "म्हंजी सकाळी मला कुटं न्यायचं ते ठरवता यील."

सॅम्युएल खोलीच्या मागच्या बाजूने बाहेर पडला आणि थांबला.

नजर जाईल तिथपर्यंत लोखंडी खांब आणि तारा होत्या. तारांखाली ओळीने मनगटाएवढी काळपट खोडं उभी होती आणि त्यांना वीत-दोन विती आडव्या फांद्या. बाकी काही नाही. पान नाही, घड नाही, सावली नाही. ओळींच्या मध्ये तोडून टाकलेल्या काड्यांचे भारे पडले होते. आपण चुकीच्या ठिकाणी आलो असंच त्याला आधी वाटलं. आराधनाने दुसरंच काही तरी ठरवलं, हा मळा नव्हेच. त्याने चार पावलं पुढे जाऊन एका खोडाला हात लावला.

पलीकडे एक माणूस कात्रीने फांद्या छाटत होता. गहिनीनाथ नाव त्याचं, मूळचा शेवगावकडचा. दहा वर्षं इथेच कामाला. नगरचा माणूस म्हटल्यावर तो कात्री खिशात घालून जवळ आला.

"द्राक्षं कुटं हायेत?" सॅम्युएलने विचारलं.

"द्राक्षं?" गहिनीनाथ हसला. "मामा, मार्चमदी तोडणी सरली की. आता खरड छाटणी चाललीय. दर एप्रिलला समदं असंच उघडं करत्यात. जानेवारी-फेब्रुवारीत यायचं हुतं तुमी, घडांनी तारा वाकल्या हुत्या निस्त्या."

जानेवारी-फेब्रुवारी. सॅम्युएल तिथेच बांधावर बसला. त्याने गहिनीनाथला सगळं सांगितलं. दयाचा डोळा, चौतीस वर्षांच्या मनुका, उपवासकाळ, आपली ती निळी खूण. सांगताना तो रडला. परक्या माणसासमोर रडताना त्याला लाज वाटली नाही, आणि हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

गहिनीनाथ त्याच्याशेजारी टेकला. "मावशीला किती दिसतं?" त्याने विचारलं.

"उजेड कळतो. आन सावली."

"मग चला," म्हणून त्याने मोटारसायकल काढली.

दिंडोरीच्या रस्त्यावर तिसऱ्या गाड्यावर काळी द्राक्षं मिळाली. हंगामातली अगदी शेवटची, कोल्ड स्टोरेजमधून काढलेली. सॅम्युएलने त्यातला सगळ्यात भरघोस घड निवडला. रात्रभर तो मळ्याच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये राहिला, दयाच्या इन्सुलिनशेजारी.

सकाळी दया उठायच्या आत सॅम्युएल तो घड घेऊन पहिल्या ओळीशी गेला. गहिनीनाथने पांढरा दोरा आणून ठेवला होता. छातीएवढ्या उंचीवरच्या तारेला सॅम्युएलने घड बांधला, दोनदा ओढून पाहिला, पडणार नाही याची खात्री केली. मग खोलीत येऊन दयाला चप्पल घातली, तिचा हात धरला आणि मोजून बावीस पावलं तिला चालवत नेलं.

"आलो का मळ्यात?" तिने विचारलं.

"आलो."

तिने तोंड वर केलं. कोवळं ऊन तिच्या कपाळावर, गालावर सरळ पडलं होतं. "वेलीखाली बी ऊन लागतं व्हय?" ती म्हणाली.

"सकाळचं तिरपं ऊन हाय," सॅम्युएल म्हणाला. "फटीतून येतंय. समदीकडं पानं हायेत बघ, हिरवीगार. अन् घड तर इतके... काळेभोर." त्याने तिचा हात धरून घडाखाली नेला.

दयाने घड ओंजळीत घेतला. लहान मुलाचं डोकं धरावं तसा, खालून. एकेक द्राक्ष अंगठ्याने चाचपलं. "लई गार हायेत," ती म्हणाली. मग तिची बोटं घडावरून वर चढली, देठावर गेली, देठाच्या वर गेली, आणि तिथे थोडा वेळ थांबली. बोटं पुन्हा खाली आली.

"खालीच लोंबत्यात तर," दया म्हणाली. "मला वाटायचं, काय की बाई." तिने घड हलकेच सोडला, पदराने हात पुसले आणि त्याचा दंड धरला. "चला. बघितला मळा."

तोंड वळवून सॅम्युएलने डोळे पुसले. साधलं, असं त्याला वाटलं. चूक तर झालीच होती, पण निदान तिला कळली नाही.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर फाटकाशी बन्सी ओहोळांनी त्यांना गाठलंच. "काय पाटोळे, गेल्या आठवड्यात घराला कुलूप? कुठं दौरा?"

सॅम्युएलला काही तरी थाप मारावीशी वाटली. पण खोटं बोलायची जागा नव्हती, चर्चचं फाटक होतं. "दिंडोरीला," तो पुटपुटला. "द्राक्षाच्या मळ्यात. म्हंजी तिथं वाईन बी करतात, पर आमी काय..."

"वा, वा!" ओहोळ एकदम खुलले. "पण आता एप्रिलात काय बघितलं तिथं? आमची पंकजा पिंपळगावला दिलेली. आम्ही दोघं दर वर्षी फेब्रुवारीत जातो. मळे बघावेत तर तेव्हाच."

"फेब्रुवारीत?" सॅम्युएलच्या तोंडून निघून गेलं. "उपवासकाळात?"

"मग? उपवासकाळात द्राक्षं काय वेलीवरून उतरून बसतात? देवाची करणी बघायला कसली आलीय आडकाठी?" आणि ते हसले. वाईट काही नव्हतं त्यात. चांगलं, मनमोकळं हसू होतं ते. ज्या भुवईला सॅम्युएल तीन महिने घाबरला होता, ती जागची हललीसुद्धा नाही.

दया शेजारीच उभी होती. तिने ऐकलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. "आमी बघितली की द्राक्षं," ती म्हणाली. "लई बघितली. ह्यांनी दावली मला." आणि सॅम्युएलचा दंड ओढून ती चालायला लागली. ओहोळ गोंधळून बघत राहिले.

मेच्या पहिल्या शुक्रवारी सगळी देठं सॅम्युएलने काढली. दयाला आता उजेडही कळेनासा झाला होता. ती सकाळी उठून विचारायची, उजाडलं का. पण शनिवारी रस तिनेच केला. मनुका शिजल्या की नाही ते वासावरून ओळखलं, साखर मुठीने घातली, आणि म्हणाली, "बांधा फडकं."

त्याने नेहमीच्या गाठीने फडकं बांधलं. रस गाळून झाला. सॅम्युएलने सवयीने उलथनं तिच्या हातात दिलं. तिने ते बाजूला ठेवलं. पातेल्याच्या काठावरून बोटं फिरवत तिने गाठ शोधली, एक फास आत ढकलला, दुसरा ओढला. गाठ सुटली. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

"अगं," सॅम्युएल म्हणाला, "तुला ही गाठ येती?"

"इतकी वर्षं येतीय. तुमाला हसू यायचं, म्हनून उलथनं घ्यायचे." ती फडकं पिळायला लागली. मग तसंच पिळता पिळता म्हणाली, "तिकडं मळ्यात बी सोडली असती. पर घड खाली पडला असता."

सॅम्युएल पाटावर बसला. बाहेर कुणी तरी भंगार मागत गेलं. पातेल्यात रस टपकत होता.

"तवाच कळलं?" त्याने शेवटी विचारलं.

"तवा खातरी झाली. कळलं हुतं फेब्रुवारीतच. मनुका आनाया गेले तवा शेठला सांगितलं, ईस्टरनंतर मळा बघाया निघालोय. तो म्हनाला, ताई, एप्रिलात निस्त्या काठ्या असतात, कशाला जाताय? दुकानाच्या पायरीवर बसून रडले मी. साखर न्यायची ऱ्हायली ती त्याच्यापायी. लई राग आला हुता तुमचा. इतका कधीच आला न्हवता."

"मग मला बोलली का न्हाईस?" तो जवळजवळ ओरडलाच. "बोलली असतीस तर..."

"तर तुमी म्हनला असता, पुढच्या वर्षी जाऊ."

ती खरं बोलत होती. तो अगदी हेच म्हणाला असता, याच शब्दांत, आणि कॅलेंडरवर नवी खूण केली असती.

"तुमी कागदावर गाड्या लिहून आनायचा," दया म्हणाली. "रोज नवीन कायतरी. डावी खिडकी म्हनं. सदतीस वर्षांत माज्यापायी एवढं कुनी केलं न्हवतं. म्हनलं, ते तरी घ्यावं पदरात. द्राक्षं नव्हतीच नशिबात." तिने फडकं झटकून बाजूला ठेवलं. तिचे हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. रस तिने चाचपत, सांडू न देता, बाटलीत ओतला, बूच लावलं आणि बाटली त्याच्यासमोर धरली.

"दाराशी न्या. रंग बघा कसा आलाय. आता माजं बघायचं काम तुमचं. पर हाय तेच सांगायचं. पानं-बिनं लावायची न्हाईत."

सॅम्युएल उठला. दारात गेला. बाहेर मे महिन्याचं रणरणतं ऊन होतं. त्याने बाटली वर उजेडात धरली.

"कसा हाय?" आतून दयाने विचारलं.

"थांब जरा," तो म्हणाला. बाही डोळ्यांवरून फिरवून त्याने पुन्हा बाटली वर धरली. "थांब, दया. मला दिसंना झालंय."

ती भिंतीला हात लावून उभी राहिली, तो सांगेपर्यंत.